दाराजवळची खुर्ची

"दाखला मी नेणार नाही. टेबलावर ठेवा, खिडकीत ठेवा, नाहीतर त्याचं विमान करून उडवा. मी हात लावणार नाही."

"अहो ताई, ओरडता कशाला? मी शांतपणे बोलतेय ना?"

"तुम्ही शांतपणे माझ्या पोरीला बाहेर काढताय, मी ओरडून आत ठेवतेय. ज्याचा त्याचा आवाज."

खुर्चीत बसलेल्या त्या शाळेच्या मोठ्या बाई. समोर उभी ती सीटवाली. तिला अख्खा बाजार ह्याच नावानं ओळखतो. मोटरसायकलीची फाटकी सीट असो की टेम्पोची, ती आतला फोम बदलते, वरून नवं रेक्झिन ताणते आणि अशी शिवून देते की गाडी भंगारात जाईल पण सीट जायची नाही. दोन दुकानांच्या मधली बोळ, वर पत्रा टाकलेला, हेच तिचं दुकान. हाताला कायम चिकटवायच्या सोल्युशनचा वास. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणते, "बसणार तुम्ही, दुखणार तुम्हाला, मला काय?"

तिची पोरगी बारकी सहावीत. गेल्या वर्षापासून वर्गाचं दार लागलं की तिच्या छातीत धडधडायचं, हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. भिंती सरकत सरकत जवळ येतात म्हणायची. मग एक तर बाकाखाली शिरायची, नाहीतर दप्तर टाकून पळत सुटायची. शेजारी म्हणाले, नाटकं. नवरा टेम्पो चालवतो, तो म्हणाला, "लाडानं डोक्यावर बसलीय. राहू दे घरी, तुझ्या हाताखाली शिवायला शिकेल." सीटवालीनं कुणाचंच ऐकलं नाही. पोरीला सरळ सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा चिंतेचा आजार आहे. दमा असतो, तसा आजारच. गोळ्या देऊ, दर आठवड्याला बोलू. पण शाळेनंही थोडं सांभाळून घेतलं पाहिजे.

सांभाळून घ्यायचं म्हणजे काय, ते सीटवालीनं आपल्या धंद्याच्या डोक्यानं ठरवलं. आणि तिथंच फसली.

खड्ड्यात माणूस सीटवरून उडतो कशानं? सीट सपाट म्हणून. कडा उचलून घ्या, कंबरेला टेका द्या, माणूस जागचा हलत नाही. तिनं पोरीच्या शाळेतल्या खुर्चीला तशीच सीट केली. चांगला फोम, निळं रेक्झिन, दोन्ही बाजूंना उंच कडा, दुहेरी टाके. एवढी देखणी सीट तिच्या हातून आजवर झाली नव्हती. वर्गाच्या बाईंनी हात फिरवून बघितली. दुसऱ्या तासाला दार लागलं आणि बारकीनं किंकाळी फोडली. कडांना नखं मारली, खुर्चीसकट पडली, उठली आणि पळत सुटली ती फाटकातून थेट रस्त्यावर. बस करकचून थांबली म्हणून पोरगी वाचली.

संध्याकाळी सीटवालीनं विचारलं, "काय झालं गं? टोचली का कुठं?"

"ती मला धरून ठेवते, आई."

"धरायलाच केलीय ना!"

"मला धरणारी नको. उठू देणारी पाहिजे. कधीपण उठता येतंय म्हटलं ना, की मी बसते."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं, भवाने?"

"तू विचारलंस कुठं? तू नुसतं माप घेतलंस."

सीटवालीनं ब्लेड घेतलं आणि ती देखणी सीट टाका टाका करून उसवली.

मोठ्या बाईंनी दाखला काढला होता तो ह्या प्रकारानंतर. सीटवाली मागत होती एवढंच, की खुर्ची दाराजवळ ठेवा, दार उघडं ठेवा, पोरीला न विचारता उठू द्या. बाहेर नळाजवळच्या बाकावर बसेल आणि जमेल तेव्हा आत येईल.

"उद्या सगळीच पोरं उठतील."

"उठू द्या. कंटाळून बसतील."

"आणि पुन्हा रस्त्यावर गेली तर? फाटकावर माणूस नको? आमचे शिपाईमामा दिवसभर बँकेत, पोस्टात. तुम्ही बसाल का रोज, दुकान सोडून?"

बाईंना वाटलं, संपलं बोलणं.

"दुकान सोडून कशाला? घेऊन बसते."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या टेम्पोतून सामान उतरलं. फोम, रेक्झिनचे गुंडाळे, हातोडी, दाभण, गिऱ्हाइकांच्या सीटा. नवरा पुटपुटला, "लोक हसतील."

"हसू दे. त्यांच्या गाड्यांनापण सीटा आहेत."

फाटकात ठोकाठोकी सुरू झाली. सोल्युशनचा वास पार ऑफिसात. खेळाचे सर आपल्या स्कूटरची सीट काखेत मारून आले, "ताई, जरा बघता?" मोठ्या बाई तरातरा बाहेर.

"ही शाळा आहे का गॅरेज?"

"तुम्हीच बसवलंय. खुर्ची सरकली का दाराजवळ?"

"विचार चाललाय."

"चालू द्या. माझंपण चाललंय." आणि हातोडी आणखी जोरात.

खुर्ची शेवटी वर्गाच्या बाईंनीच ओढली, कुणाला न विचारता. "रोज हा ठणठणाट ऐकण्यापेक्षा हे बरं," म्हणाल्या.

त्याच दिवशी दुपारी बारकी उठली. पांढरीफटक, हात छातीशी. सीटवालीनं फाटकातून बघितलं. पाय उठायला लागले, तिनं ते दाबून ठेवले. मोठ्या बाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या. फाटक सताड उघडं, पलीकडे रस्ता. पोरीनं नळाखाली मनगटं धरली. बाकावर बसली. आईकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ गेला. मग ओले हात फ्रॉकला पुसत आत गेली.

मोठ्या बाई फाटकापाशी आल्या. "रोज जाईल अशी आत?"

"नाही. एखाद दिवशी नाही जाणार. ताप आलेल्या पोराला बाजूला बसवता ना? तसं बसवा."

"बरं, बघू."

"बघू-बिघू नको. लिहून द्या. परीक्षेलासुद्धा दार उघडं पाहिजे. आणि शाळा सुटेस्तोवर मामांना बाहेर धाडायचं नाही."

आडोशाला उभे मामा म्हणाले, "मी बसतो की ताई. बसायला काय लागतं?"

"डोळे उघडे लागतात, मामा."

मोठ्या बाईंना हसू आलं, त्यांनी ते गिळलं. "तुमचं मागणं संपतं का हो कधी?"

"पोरगी दहावी झाली की संपेल."

"देते लिहून. आता हे दुकान हलवा इथनं."

"कागद हातात आला की हलवते. तोवर सरांची सीट आहे."

बाई आत गेल्या. घंटा झाली, वर्गावर्गांतून कालवा उठला. सीटवालीनं रेक्झिनचं एक टोक गुडघ्याखाली दाबलं, दुसरं दातात धरून ताणलं आणि खिळा ठोकला.