जुन्या स्लॉटची मशीन

"हात दाखव," अनिकेत म्हणाला.

मी हात पुढे केला. वाटलं, काही लागलंय का बघत असेल. त्यानं माझी बोटं धरली, नाकाजवळ नेली आणि हुंगली. चारचौघांत. मग सोडून दिली आणि आपला हात पँटला पुसला.

"तू त्या कोपऱ्यातल्या मशीनवर बस."

कोपऱ्यात चपलांचं कपाट. त्याला लागून मशीन. कीबोर्डवर पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं, फ्रिजमध्ये चिरलेला कांदा ठेवताना गुंडाळतात तसलं. बाकी तिघांचे कीबोर्ड उघडे होते.

हे फणसवाडीत घडलं. अनिकेतच्या घरच्यांची तिथे पिढ्यान् पिढ्या वस्ती. आजोबांची मोठी नोकरी, बापाची त्याहून मोठी. तळमजल्यावरची खोली त्यानं आमच्या गेमिंग टीमला दिली होती. आम्ही चौघं. तो कॅप्टन, संकेत, लालबागचा पिंट्या आणि मी. मी एकटी मुलगी आणि एकटी कोळीण. लालबागच्या एका गेमिंग कॅफेत मला खेळताना बघून त्यानं स्वतःहून बोलावलं होतं. गेममधला माझा नेम त्याला हवा होता. ज्या बोटांचा तो नेम, ती बोटं नको होती.

सकाळी मी आयेबरोबर कोळंबी सोलते. आये टोपली घेऊन ठाकूरद्वार, फणसवाडी करते. मी हात धुऊन प्रॅक्टिसला जायचे. आधी साबण, मग लिंबू, मग टूथपेस्टसुद्धा. नखांच्या कडेला रक्त यायचं, तरी घासायचे. आणि गंमत सांगू? ही माणसं मासे खातात. मिटक्या मारत खातात. अनिकेतची आई, आम्ही तिला काकू म्हणायचो, माझ्या आयेच्याच टोपलीतलं पापलेट घेते. कल्ले उघडून बघते, आत बोट घालून. म्हणजे माशाचा वास चालतो. तो आमच्या हाताला आला की चालत नाही.

"मीच का कोपऱ्यात?" मी त्या दिवशी विचारलं होतं.

"त्या मशीनचा बोर्ड जुना आहे," अनिकेत म्हणाला. "ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट मागच्या पिढीचा. बसचा, म्हणजे डेटा जायच्या वाटेचा, स्पीड निम्मा. कुणीतरी तिथे बसायलाच हवं ना?"

गेमचं चित्र काढणारं हे कार्ड चारही मशीनमध्ये सारखंच होतं. फरक फक्त ते ज्या खाचेत बसतं तिचा, म्हणजे स्लॉटचा. त्या वाटेनं मशीनकडून कार्डाला माल जातो, आणि माझ्या मशीनची वाट अरुंद होती. हे मला पटलं. मशीनचं कारण होतं, म्हणून मी मान खाली घालून बसले.

मग ते नावच पडलं. मॅच हरलो की, "जुना स्लॉट झोपला होता." मी आधी मेले की, "जुना स्लॉट मेला." संकेत हसायचा. पिंट्या खाली बघायचा. अनिकेत स्वतः बावळटासारखा उघड्यावर धावत जाऊन मरायचा, तेव्हाही दोष माझ्या स्लॉटचा. हे हळूहळू माझ्या आत शिरलं. घरी झोपताना वाटायचं, खरंच मी अडवतेय सगळ्यांना. माझ्यातच काहीतरी अरुंद आहे.

एका दुपारी अनिकेत बाहेर गेला होता. मी आणि पिंट्यानं दोन्ही मशीन लावल्या. तोच गेम, तोच मॅप, त्याच सेटिंग. एकदा पिंट्याच्या नव्या स्लॉटवर, एकदा माझ्या जुन्यावर. पुन्हा. परत पुन्हा. सेकंदाला किती चित्रं येतात ते दाखवणारे स्क्रीनवरचे आकडे जवळजवळ तेच. डोळ्याला तर काहीच कळत नव्हतं.

मला कारण कळलं ते माझ्या घरच्या धंद्यावरून. मासळी एकदा टोपलीत आली की धक्क्यावरून येणारा रस्ता रुंद होता की अरुंद, याला अर्थ नाही. पुढे काम मासे कापायच्या कोयतीचं आणि हाताचं. हां, टोपलीच लहान असेल आणि सारखं धक्क्यावर पळावं लागत असेल, तर रस्ता नडतो. तसं कार्डाची स्वतःची मेमरी भरली, तर जुना स्लॉट नडतो. आमच्या कार्डांना मेमरी भरपूर होती. काही नडत नव्हतं.

मी मोबाइलवर दोन्ही व्हिडिओ घेतले. नाचतच अनिकेतला दाखवले. वाटलं, आता मला उठवेल, बाकीच्यांजवळ बसवेल. त्यानं पूर्ण बघितले. मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "काहीच फरक पडत नाही. मग तुला तिथेच बसायला काय प्रॉब्लेम आहे?"

फरक पडत होता तेव्हा मी कोपऱ्यात. फरक पडत नाही, तरी मी कोपऱ्यात. त्या क्षणी मला चक्क दिसलं की स्लॉटचा यात काही संबंधच नव्हता. मी इतके दिवस मशीनची बाजू मांडत होते आणि खटला माझ्यावर चालू होता. आयेची कोयती डोळ्यांपुढे आली. मी मुठी आवळून घरी गेले.

तरी परत गेले. कारण मोठ्या स्पर्धेची ऑनलाइन पात्रता फेरी दसऱ्याच्या संध्याकाळी होती. त्यातून पुढे गेलं की स्टेजवर खेळायला मिळणार होतं. ती जागा मी माझ्या बोटांनी मिळवली होती. ती मला हवी होती, बस.

दसऱ्याला काकू पूजेचं ताट घेऊन खाली आली. त्यांच्याकडे यंत्रांची पूजा. मशीनच्या बाजूच्या काचा अनिकेतनं आतल्या दिव्यांची शोभा दिसावी म्हणून काढून ठेवलेल्या, मशीन चालूच. काकूनं झेंडूची फुलं ठेवली, हळदकुंकू लावलं, आणि फुलानं पाणी शिंपडलं. तीन मशीनवर. माझ्यापाशी येऊन ताट तसंच मागे नेलं.

"ही राहू दे," ती म्हणाली. "हिला सगळं लागलेलं असतं."

लेकाच्या मशीनवर तिनं पाण्याचा हात जरा सढळच ठेवला होता. कार्डाजवळ चर्र झालं. जळका वास आला. स्क्रीन काळी पडली, आणि ती मशीन पुन्हा सुरू झाली नाही. मॅचला जरासा वेळ उरला होता. चौघांऐवजी तिघं खेळले तरी नियमात बसत होतं.

अनिकेत सरळ माझ्याकडे आला.

"उठ."

"का?"

"मी इथून खेळतो."

"स्लॉट जुना आहे."

"फरक पडत नाही. तूच दाखवलंस ना?"

त्यानं कीबोर्डवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. "आई, खुर्चीवर गोमूत्र शिंपड," असं ओरडला. मी अजून त्या खुर्चीत बसले होते! काकू बाटली घेऊन आलीसुद्धा. थेंब माझ्या मानेवर पडले, केसांत पडले. आणि त्यानं माझा दंड धरून मला ओढलं.

मी उठले नाही. त्यानं केस धरले. डोकं मागे आपटलं, ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. मग मी कीबोर्ड उचलला. वायर तटकन सुटली. पूर्ण जोर लावून तो त्याच्या तोंडावर मारला. एकदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली बसला तेव्हा आणखी एकदा. बटणं खोलीभर उडाली. काकू किंचाळत होती. संकेत भिंतीला चिकटला होता. पिंट्यानं मला मागून धरलं नसतं तर मी थांबले नसते. खोटं कशाला बोलू? मला थांबायचं नव्हतं.

मॅच झाली नाही. स्टेज गेलं. माझंही गेलं, त्याचंही. स्टेज गेल्याचं मला दुःख आहे, खूप आहे, कारण ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या मंडळाचे दोन काका आमच्या लालबागच्या खोलीवर आले. पोलिसांत जाणार होते म्हणे, पण मुलीचं भलं बघून थांबले. "सॉरी बोलून टाक गं. विषय संपव. मुलीच्या जातीला हे शोभत नाही."

माझ्या मानेवर काय शिंपडलं, ते त्यांनी विचारलं नाही. माझा ओठ समोर सुजलेला होता, त्याचंही नाही.

आये घाबरली होती. सगळी फणसवाडी तिचं गिऱ्हाईक. "बाय, मोठी मानसं हाईत ती," ती म्हणाली. "जा, पाय धर त्यांचं."

"नाय धरनार, आये."

तिनं मला मारलं. मारून स्वतःच रडली. मी रडले नाही. काकांना दार उघडून दिलं आणि ते उतरेपर्यंत दारात उभी राहिले.

मी पुन्हा खेळतेय. लालबागच्याच कॅफेत, पिंट्या सोबत आहे. स्टेज पुढल्या वेळी आहे आणि मी तिथे जाणार आहे. पण एक गोष्ट मी कायमची बंद केली. मी कुणाला काही सिद्ध करून दाखवणार नाही. ना मशीनचं, ना हातांचं. हात कोळंबीच्या वासाचे घेऊनच मी माउस धरते. यापुढे कुणी मला "उठ" म्हणालं, तर मी "का" असं विचारणार नाही. आधी मारेन.