सहाच्या जागी आठ

घरच्या गावात पोस्टिंग मिळायला फौजीला नशीब लागतं. मला ते नोकरीच्या अठराव्या वर्षी मिळालं. औरंगाबाद छावणी. शहराचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं. मी हवालदार, ट्रेड सिग्नल्स, म्हणजे संदेशवहन. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते, वडील जिल्हा परिषदेत. फौजेत गेलेला मी पहिला. अक्षर मात्र घराण्याचंच घेऊन गेलो.

दुष्काळाचं साल होतं. पहाटे साडेपाचला पीटी, सहाला पाण्याचा टँकर, आठला ऑफिस. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि शहर मात्र थांबत नव्हतं. पडेगाव, मिटमिट्याच्या बाजूला रोज नवीन पाटी, नवीन इमारत. रस्ता रुंद करण्यासाठी दिवसभर जेसीबी चालायचे.

त्याच कंपनीत हवालदार कचरू लक्ष्मण नरवडे होता. गाव पाचोड, घरची मोसंबीची बाग. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी नाव कचरू ठेवलेलं. शिक्षण दहावी. मी बी.एस्सी. लेखी परीक्षेत माझे मार्क नेहमी त्याच्यापेक्षा जास्त. पण वायरलेस सेट बंद पडला की मेजरसाहेब म्हणायचे, "नरवडे को बुलाओ." मी समोर उभा असतानाही म्हणायचे.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी त्याच्यावर जळत होतो. आमच्या क्वार्टर्सच्या लाइन्समधली पाण्याची मोटर बंद पडली, त्याने तासाभरात चालू केली. बायका त्याला दुवा देत होत्या आणि मी बादली घेऊन रांगेत उभा होतो. घरचा टीव्ही बिघडला तर माझी बायको म्हणाली, "तुम्ही राहू द्या. नरवडे भाऊजींना विचारा ना." ती सहज बोलली. मला रात्रभर झोप लागली नाही. त्याच्यावर राग धरावा असं त्याने काही केलं नव्हतं, आणि तेच सहन होत नव्हतं. मला तो 'पंत' म्हणायचा. त्यात टिंगल होती, पण प्रेमाची. मी ती नुसती टिंगल धरून चाललो.

त्या हिवाळ्याआधी कंपनीतून दोन हवालदार जायचे होते. एक महूला कोर्सवर. तो केला की नायब सुभेदारीचा रस्ता मोकळा. दुसरा वर, बर्फातल्या पोस्टवर, टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या लाइन पार्टीसोबत. नावं आम्हा दोघांचीच. ज्यांचे नवरे फील्डमध्ये आहेत अशा बायकांसाठी छावणीत एक नवीन हॉल होत होता. बारा संगणक, त्यावरून नवऱ्याशी समोरासमोर बोलायचं. हॉलचं काम नरवडेकडे होतं. मेजरसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हॉल ठीक चला तो महू नरवडे जाएगा."

म्हणजे वर मी. इथं एक गोष्ट सांगून टाकतो. मला वर जायची भीती नव्हती. भीती असती तर निदान माणसाला शोभणारं कारण झालं असतं. मला फक्त तो महूला जायला नको होता.

थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. हॉल आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मधे फायरवॉल असते. आमच्या गेटवरच्या संतरीसारखी. आतल्या संगणकांचे पत्ते आतल्यापुरतेच असतात, बाहेरच्या जगात त्यांना किंमत नाही. म्हणून संगणकाचा निरोप बाहेर जाताना फायरवॉल त्यावरचा आतला पत्ता काढते, आपला बाहेरचा पत्ता लावते, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवते. जवानाच्या घरच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्टाचा नंबर असतो, तसंच. या पत्ता बदलण्याला नॅट म्हणतात. कोणत्या आतल्या पत्त्यांसाठी बदल करायचा, हा नियम हाताने भरावा लागतो. नियमात पत्ता चुकला तर निरोप जसाच्या तसा बाहेर जातो. जातो, पण उत्तर येत नाही.

आतल्या पत्त्यांची यादी ठेवणं माझं काम. अक्षर चांगलं म्हणून. हॉलच्या सगळ्या पत्त्यांत तिसरा आकडा सहा, अशी यादी मी सही करून नरवडेला दिली. चार दिवसांनी लक्षात आलं की सहा जुन्या ऑफिसला आधीच दिलेला आहे. मी हॉलला आठ दिला, संगणकांना तसे पत्ते लावले, रजिस्टरमध्ये दुरुस्तीची नोंद केली. दुरुस्तीचा कागद नरवडेला द्यायचा होता. तो माझ्या खणात राहिला. इथपर्यंत शपथेवर सांगतो, मी विसरलो होतो.

आणि फौजेत सही असलेला कागद कुणी तपासत नाही. नरवडेने वायर न्‌ वायर तपासली. माझी यादी तपासली नाही.

उद्‌घाटनाला ब्रिगेडियरसाहेब अकराला येणार होते. दहाला हॉल उघडला. बायका नऊपासून आलेल्या. दहा वीसला पहिला संगणक लावला. बाहेरून काही येईना. दुसरा, तिसरा, बाराच्या बारा तसेच. फायरवॉलपर्यंत सगळं ठीक, पुढे सामसूम.

नरवडे म्हणाला, "लाइनच गेली असंल पंत. त्या जेसीबीनं परत खाल्ली केबल."

त्या आठवड्यात दोनदा तसं झालं होतं. सकाळपासून लाइन येत-जातही होती. तो लाइनवाल्या कंपनीला फोन लावत बाहेर पळाला. मी फायरवॉलच्या पडद्यासमोर उभा राहिलो. दहा अठ्ठावीस. नोंदी सरळ होत्या. निरोप परवानगी घेऊन बाहेर गेलेला. परत आलेले, शून्य. बदललेल्या पत्त्याचा रकाना रिकामा. निघणाऱ्या पत्त्यात तिसरा आकडा आठ. नियमात सहा.

मला सगळं कळलं. खणातला कागदही आठवला. एक आकडा बदलायचा होता. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी नोंदींचा पडदा बंद केला.

नरवडे आत आला. शर्ट पाठीला चिकटलेला. लाइन आता स्थिर आहे असं लाइनवाल्यांनी कळवलं होतं. त्याने फायरवॉल बंद करून परत चालू केली. काही फरक नाही. मग तो टेबलाखाली शिरून वायरी बघू लागला. खालूनच ओरडला,

"पंत, नॅटमधी सहाच टाकायचा व्हता ना?"

"सहाच."

"लिष्टीत बघून सांगा हो."

मी यादी उघडली. बघितल्यासारखं केलं. "सहा."

"मंग काय मरी आली हिला!"

रांगेतल्या एका बाईंनी तेवढ्यात ऐकवलं, "आमचे मालक तिकडं थंडीत ताटकळले असतील. तुमची ही मशीन हाय का शोभेचं कपाट?"

सगळ्या हसल्या. नरवडेही टेबलाखाली हसला. "दहा मिनिटं द्या ताई. नाय जमलं तर ह्याच कपाटात मला कोंडा."

मेजरसाहेब आले. "नरवडे, कितना टाइम?"

"दस मिनट, साब."

"कुलकर्णी, तुम्हें कुछ दिखा?"

"नहीं, साब."

दहा पन्नास होते तेव्हा. अजूनही वेळ होता.

अकराला ब्रिगेडियरसाहेब आले. बारा काळे पडदे बघितले, बायकांना नमस्कार केला, चहा घेतला नाही. अकरा दहाला गेले. अकरा पंचवीसला नरवडेने एका संगणकाचा पत्ता स्वतः उघडून पाहिला आणि नॅटच्या नियमात सहाच्या जागी आठ टाकला. बाराही संगणक सुरू झाले. बायकांची एकच झुंबड उडाली. पण मेजरसाहेबांना ज्यांना दाखवायचं होतं ते निघून गेले होते.

दुपारी दोनला आम्ही दोघं त्यांच्यासमोर सावधान उभे. नरवडे म्हणाला, "साब, दुरुस्ती का कागज मुझे नहीं मिला."

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दिया था, साब. रजिस्टर में एंट्री है."

एंट्री होतीच. तारीख, वेळ, माझं सुंदर अक्षर.

 नरवडेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाला, "तो फिर गलती मेरी है, साब."

त्याच्या कागदांवर शेरा बसला. निष्काळजीपणा. महूला मी गेलो. तो वर गेला. तो निघताना रेल्वे स्टेशनवर सोडायला मी गेलो नाही, ड्युटी लावून घेतली. जानेवारीत त्यांची लाइन पार्टी तुटलेली वायर जोडायला निघाली होती. सकाळी नऊ दहाला शेवटचा निरोप आला, 'जॉइंट मिला, काम चालू.' त्यानंतर बर्फाचा कडा कोसळला. तीन जण गेले. नरवडे दुसऱ्या दिवशी सापडला. मला बातमी महूच्या वर्गात कळली. त्या तासाला मी कोर्समधल्या सोबत्यांना नॅट शिकवत होतो, सरावाचा पाठ म्हणून. तास पूर्ण केला.

नायब सुभेदार झालो, सुभेदार होऊन घरी आलो. आता माजी सैनिकांच्या संघटनेचा चिटणीस आहे. दरवर्षी छावणीत आमचा मेळावा होतो आणि शहिदांची नावं मी वाचतो. आवाज चांगला आहे म्हणून. त्याचं नाव सहा वेळा वाचलं. एकदाही अडखळलो नाही.

या वर्षी मेळाव्याआधी पाचोडला नरवडेच्या बायकोला भेटायला गेलो. बाजाराचा दिवस होता. वहिनींनी ओट्यावर खुर्ची टाकली, पाणी दिलं. मी आधी सगळं सांगितलं, मग पाणी प्यालो. वेळांसकट सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही.

शेवटी म्हणाल्या, "ते सुट्टीवर आले तवा बोलले व्हते मला. कागद मिळालाच नाय म्हणले."

"मग वरच्या साहेबांना का नाही कळवलं?"

"मी बी तेच म्हणलं. तर म्हणले, जाऊ दे, पंत विसरला असंल आन्‌ साहेबाम्होरं भेला असंल. लेकरंबाळं हायेत त्याला." आता त्यांनी वर पाहिलं. "भेला व्हता का तुम्ही, भाऊ?"

तिथं हो म्हणता आलं असतं. त्याने माझ्यासाठी कारण तयार ठेवलं होतं.

"नाही, वहिनी. जळत होतो त्याच्यावर."

 रस्त्यावरून बाजारकरी जात होते. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "सांगून तुमचं हलकं झालं. माझं काय झालं? मी कुढं ठिवू हे?"

मी रिकामा पेला खाली ठेवला.

"गावात अजून म्हणत्यात, कचरूच्या हातून काय तरी चुकलं, म्हणून वर धाडलं. मला सांगून काय उपेग? जिथं त्यांचं नाव खराब झालं तिथं सांगा. मी येते ऐकायला."

आल्या. पाचोडच्या पहिल्या एसटीने, एकट्या. पहिल्या ओळीत बसल्या. मी नावं वाचायला उभा राहिलो, त्याच्या नावापाशी थांबलो आणि सांगितलं. यादी माझी, विसर माझा, खोटं माझं, चारदा. हॉल त्याने सुरू केला. चार-पाच मिनिटं लागली असतील. त्या हॉलमधल्या, आता केस पांढरे झालेल्या दोन बायकाही तिथं होत्या.  मागून एका म्हाताऱ्या सुभेदार मेजरांचा आवाज आला, "नाव परत वाच. नीट."

मी वाचलं. "हवालदार कचरू लक्ष्मण नरवडे. गाव पाचोड, तालुका पैठण. कर्तव्यावर असताना. कागदावरचा शेरा खोटा."

सगळे उठून सावधान उभे राहिले. वहिनी उठल्या नाहीत. बसूनच माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी पुढच्या नावाकडे वळेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.