शेषनागापर्यंत मी, पुढे वन्सं

अमरनाथाची यात्रा ठरली ती माझ्यासाठी नव्हे. मी सोबत म्हणून गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून चौलातल्या बायका मलाच यात्रेकरू समजून पाया पडायला येतात आणि दर वेळी मला पाय आखडून घ्यावे लागतात.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. बालपणीच वैधव्य आलं आणि माहेरी परत आल्या, त्या आजतागायत आमच्या वाडीतल्या घरात आहेत. सोवळं कडक, परान्न वर्ज्य, जेवण एकवेळ आणि तेही स्वतःच्या हातचं. घरात कोणाचं बाळंतपण आलं, कोणी अंथरूण धरलं, की उशाशी वन्सं. माझी चारही बाळंतपणं त्यांनीच निभावली. सासूबाई काशीला निघाल्या तेव्हा वन्संचंही गाठोडं बांधून झालं होतं. त्याच आठवड्यात माझ्या थोरल्याला विषमज्वर झाला आणि वन्संनी गाठोडं सोडलं. पुढे मामंजींच्या अर्धांगवायूत द्वारका राहिली. कोणी त्यांना थांबा म्हणायचं नाही, विचारायचंसुद्धा नाही. त्या थांबणारच, हे घरातल्या खांबासारखं धरून चाललेलं.

गेल्या चातुर्मासात रामेश्वराच्या देवळात पुराणिकबुवांनी अमरनाथाची कथा लावली. त्या रात्री सुपाऱ्या सोलता सोलता वन्सं ह्यांना म्हणाल्या, "बाळू, तिथे खरंच माणसं जातात का रे?"

हे म्हणाले, "जातात. मुंबईच्या यात्रा कंपन्या नेतात. पण तू एकटी कशी जाशील? सुमती येईल सोबत."

मला कोणी विचारलं नाही. मी आपली पाटीपेन्सिल घेऊन खर्चाचा आकडा काढायला बसले.

यंदा आषाढ सरता सरता निघालो. त्या दिवसांत समुद्र खवळलेला, रेवदंड्याची आगबोट बंद. म्हणून अलिबागेहून मोटारीने धरमतर आणि तिथून खाडीतल्या बोटीने मुंबई. वाडीत कामाला येणारी ठकी मोटारीपर्यंत पोचवायला आली होती. मला म्हणाली, "वैनी, वन्स्ना सांभालून न्या. न्हाय तं त्या तिकरंच ऱ्हातील देवाजवल." वन्सं म्हणाल्या, "मी राहिले तर सुपाऱ्या कोण मोजणार? तू नेशील ओटीभर." ठकी हसली, पण डोळे पुसत परत गेली.

मुंबईहून रावळपिंडीपर्यंत आगगाडी. तिसऱ्या वर्गाच्या बायकांच्या डब्यात जागा मिळते, पण पाय पसरायला मिळत नाहीत, हे जाणाऱ्या भगिनींनी गृहीत धरावं. वन्संनी सबंध प्रवासात खजूर, शेंगदाणे आणि सुकं खोबरं याखेरीज काही तोंडात घातलं नाही. पिंडीहून श्रीनगरपर्यंत लॉरी, मध्ये एक मुक्काम. खाली झेलम नदी अशी धावते की बघू नये आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. लॉरीवाला वळणावर मागे वळून गप्पा मारतो. मी रामरक्षा किती वेळा म्हटली, त्याची गणती नाही.

कंपनीचे मॅनेजर भले गृहस्थ होते, फक्त सारखे शिट्टी वाजवायचे. पहलगामला त्यांनी प्रत्येकाला घोडा ठरवायला सांगितलं. मी दोघींत एकच ठरवला, आळीपाळीने बसू म्हणून. घोडेवाल्याचं नाव रसूल, वयाने ह्यांच्याएवढा, फार कमी बोलणारा. वन्सं घोड्याकडे बघून म्हणाल्या, "घोड्यावर बसायला मी काय लग्नातला नवरा आहे?" आणि काठी टेकत चालू लागल्या. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मग मीच सगळी वाट बसले. कंबर मोडली ती वेगळीच.

चंदनवाडीपर्यंत वाट देवदारांतून जाते, बरोबर नदी असते. तिथला भात थोडा बोटचेपा झाला, पण खाल्ला. दुसऱ्या दिवशी पिस्सू घाटी लागली. चढ असा की पुढच्याच्या टाचा आपल्या नाकाशी येतात. घोड्यावर बसवेना, म्हणून उतरून चालले. दहा पावलं टाकावीत आणि उभं राहावं. बरोबरचे लोक फुलांची नावं विचारत होते. फुलं होती खरी, निळी, पिवळी, गालिचा घातल्यासारखी. मला त्यांच्यावर बसायची तेवढी इच्छा होत होती. वन्सं पुढे गेलेल्या दिसत. अर्धपोटी राहायची सवय असलेल्या शरीराला वरची हवा कमी पडत नसावी.

दुपार टळल्यावर शेषनाग आला. तळं खाली, तंबू वर. पलीकडे बर्फाचे सुळके आणि त्यांची पांढरी जीभ थेट पाण्यात उतरलेली. आमच्या रामेश्वराच्या पुष्करणीचं पाणी हिरवं दिसतं ते शेवाळाने. हे पाणी स्वच्छ असून हिरवं. वन्सं हात जोडून काठावर उभ्या होत्या. मी तंबूच्या दोरीला धरून उभी होते. सुंदर आहे, एवढं मनात म्हणण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

भाताची गोष्ट इथे घडली. वन्संनी सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून तीन दगडांची चूल मांडली. सरपण चंदनवाडीहून घोड्यावर आणलेलं, त्यामुळे तांदळाहून महाग पडलेलं. पातेल्यात पाणी लवकर उकळलं. तांदूळ टाकले. ते उकळत राहिले, आम्ही बघत राहिलो. सरपण संपत आलं तरी शीत मऊ होईना. बाहेरून लगदा, आत खडा. मॅनेजर शिट्टी खिशात घालत म्हणाले, "अहो, इतक्या उंचीवर भात शिजत नाही. पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळतं." हे मी मॅट्रिकला शिकले होते, त्यावर मार्कही मिळवले होते. घरी तांदळाचं गाठोडं बांधताना ते आठवलं नाही. जाणाऱ्यांनी पोहे, सातूचं पीठ, मेतकूट न्यावं. तांदूळ नेऊ नयेत.

वन्संनी पातेलं उतरवलं. "कच्च्या अन्नाचा नैवेद्य होत नाही. घोड्याला घाल." आणि खजूर घेऊन बसल्या.

मला ते घालवेना. घरचे तांदूळ, एवढ्या लांब वाहून आणलेले, वर एवढं सरपण जाळलेलं. तूप-मीठ कालवून मी तो भात चावत चावत सगळा संपवला. वन्सं एवढंच म्हणाल्या, "सुमती, पोट तुझं आहे, पेटारा नाही."

संध्याकाळपासून पोटात कळा, मग उलट्या. डोकं असं दुखायला लागलं की जणू कोणी घण घालतंय. उजाडलं तेव्हा मला बसतं होता येईना. मंडळी पुढे निघायची होती. महागुणसची खिंड ओलांडून पंचतरणीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पौर्णिमेचं दर्शन, आणि संध्याकाळपर्यंत परत शेषनागाला. मॅनेजर तंबूच्या दाराशी येऊन म्हणाले, "बाईंना नेता येणार नाही. सामानापाशी आमचा दुसरा आचारी राहतोय, पण बाईमाणूस कोणीतरी हवं."

आत वन्सं उभ्या होत्या. कंबर बांधलेली, बेलाची पुरचुंडी हातात. त्यांनी पुरचुंडी उशाशी ठेवली आणि कंबरेची गाठ सोडली. "मी आहे," म्हणाल्या.

मॅनेजर म्हणाले, "झालं, प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला, हे ऐकलं आणि मला माझ्या थोरल्याचा ताप आठवला. त्या दिवशीही वन्संनी गाठोडं असंच सोडलं होतं, आणि मी, त्याची आई, मनात हुश्श म्हणाले होते. आज त्या सबंध मुलूख ओलांडून खिंडीच्या पायथ्याशी आल्या होत्या. पुन्हा कधी येणं होणार?

"वन्सं, तुम्ही जा," मी म्हटलं.

"आणि तुला कोण बघणार? तो आचारी? त्याला तर भातही शिजवता येत नाही."

"तो इथे कोणालाच येत नाही. तुम्ही जा. माझी सोबत तुम्हाला होती, तुमची मला नव्हती."

"बाळूला काय तोंड दाखवू? बायकोला रानात टाकून देवाला गेले म्हणून?"

"मी काही मरत नाही."

"सुवासिनीने असलं बोलू नये. पडून राहा." आणि त्या आलं किसायला लागल्या.

स्वतःसाठी म्हणून त्या हलणार नाहीत, हे मला कळून चुकलं. मी उठून बसले. तंबू गरगर फिरला. तळ्याकडे हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "शेषनागा, माझ्या वन्सं गुहेपर्यंत जाऊन दर्शन घेऊन सुखरूप परत आल्या, तर मी वर्षभर भात खाणार नाही."

किसणी थांबली. काशीला गेल्यावर लोक आवडता पदार्थ सोडतात, ते एखादं फळ, एखादी भाजी. कोकणातल्या माणसाने भात सोडणं वन्संनीही ऐकलं नसावं.

"हा नवस आहे का धाकदपटशा?" त्यांनी विचारलं.

"बोलून झाला. मोडायचा असेल तर इथे बसून तुम्ही मोडा. दोष तुम्हाला."

"मॅट्रिक झालेल्या बायका अशाच," त्या म्हणाल्या. आल्याचा रस पाजला, माझं पांघरूण चारी बाजूंनी खोचलं, आचाऱ्याला चार गोष्टी बजावल्या. मग कंबर बांधली, बेलाची पुरचुंडी उचलली. घोडा आणि रसूल दोघांनाही मी त्यांच्याबरोबर पाठवलं. खिंडीच्या वाटेवर वन्संचं आलवण, ते विधवेचं लाल लुगडं, बराच वेळ दिसत होतं. त्या घोड्याच्या शेजारून चालत होत्या.

पुढचे दोन दिवस मी तळ्याकडे तोंड करून पडले होते. ऊन आलं की पाणी निळं, ढग आला की शिसासारखं. आचारी गरम पाणी देई, साखर देई, आणि त्याच्या नाशिकच्या सासऱ्याची गाऱ्हाणी सांगे. पौर्णिमेला मनात आलं, आज रेवदंड्याला कोळी दर्याला नारळ वाहत असतील. आणि मी इथे. प्रार्थना करायला जमेना. नुसतं वाटेकडे बघत होते. दुपारी गारा पडल्या. खिंड दिसेनाशी झाली. तेव्हा मात्र मला स्वतःचा फार राग आला. पन्नाशी ओलांडलेल्या, खजुरावर जगणाऱ्या बाईला मी हट्टाने बर्फात ढकललं होतं. ह्यांनी मला कशासाठी पाठवलं होतं?

उन्हं उतरता उतरता मंडळी येताना दिसली. आलवण दिसेना. पुढे मॅनेजर, मागे आमच्यातली नागपूरकर मंडळी, मग घोडे. रसूलच्या घोड्यावर करड्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी तशीच अनवाणी बाहेर गेले.

घोंगडीतून वन्संचा आवाज आला, "चिखलात काय उभी राहिलीस? ताप आहे का?"

"नाही. तुम्ही घोड्यावर?"

"उतारावर गुडघा धरला. बसले."

"आणि ही घोंगडी?"

"ह्याची." त्यांनी रसूलकडे हनुवटी केली. "गारा पडल्या तेव्हा घातलीन अंगावर." मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "लोकर आहे. लोकरीला विटाळ नसतो. धाबळी तरी कशाची असते?"

रसूलला मराठी येत नव्हतं. तो घोड्याचा पट्टा सोडत होता. घोंगडी परत द्यायला वन्संनी दुसरा दिवस उजाडू दिला.

दर्शनाबद्दल मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी घोंगडी नीट गुंडाळून घेतली. मग म्हणाल्या, "आहे. बर्फाचा आहे, पण आहे. आत छतातून पाणी ठिबकतं. खिंडीच्या माथ्यावर मला श्वास पुरेना. वाटलं, आता कोणीतरी हाक मारील, वन्सं, इकडे या, अमक्याला बरं नाही. कोणी मारली नाही." तुझ्या नावाचा बेलही वाहिला, एवढं सांगून त्या माझ्या कपाळाला सुंठ लावायला बसल्या.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. तीच लॉरी, तीच गाडी, तीच धरमतरची बोट. दोघी बहुतेक वेळ झोपून होतो.

आता आश्विन लागलाय. माझे गुडघे अजून जिना चढताना कुरकुरतात. गुहा मी पाहिली नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? डोळे मिटले की मला तेवढं तळं दिसतं, आणि खिंडीकडे गेलेली रिकामी वाट. नवस चालू आहे. नव्या भाताचा वास घरभर येतो आणि मी नाचणीची भाकरी खाते. हे म्हणतात, "शेषनागाला कुठे दिसतंय इतक्या लांबून?" वन्सं त्यांच्याकडे बघतात, मग ते सुपाऱ्यांकडे वळतात.

काल शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांची लेक पहिलटकरीण आहे. ओसरीवर टेकता टेकताच म्हणाल्या, "वन्सं, माघात दिवस भरतात. तुम्ही आहातच म्हणून मला काळजी नाही."

सुपाऱ्या निवडता निवडता वन्सं म्हणाल्या, "माघात कंपनी द्वारकेला जातेय. पौषात झाली तर मी आहे. नाही तर अलिबागहून सुईण सांगून ठेवा."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी दोन्ही हात पिठात घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. द्वारकेला सोबत कोण जाणार, हे वन्संनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आत जाऊन भाकरी थापायला घेतली.