बाळकाकांचा वन्स मोअर

शिकागोजवळच्या शॉमबर्गचे बाळकाका नेने म्हणजे रिटायर्ड इंजिनिअर आणि पक्के रसिक. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचा ‘वन्स मोअर’ आला नाही, तर गाणारा हिरमुसायचा. २००६ मध्ये त्यांची लेक वैदेही त्यांना शिकागोला युकिनोच्या कॉन्सर्टला घेऊन गेली. जपानमध्ये स्टेडियम भरून टाकणारी ही पॉप गायिका अमेरिकेत पहिल्यांदाच गात होती.

“बाबा, तिथे ओरडायचं नाही हं.”

“ओरडतो कुठे? दाद देतो.”

एका संथ गाण्याचं पहिलं कडवं संपलं आणि काकांना राहवलं नाही. “वन्स मोअर!”

युकिनो थांबली. आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं. कमरेत वाकून ती “सॉरी” म्हणाली आणि तिने गाणं पहिल्यापासून सुरू केलं. सगळं थिएटर वळून काकांकडे बघत होतं.

कॉन्सर्टनंतर काका सीडीवर सही घ्यायच्या रांगेत शिरले.

“बाबा, प्लीज, घरी चला.”

“गाणं आवडलं म्हणून ओरडलो, एवढंच सांगतो तिला.”

युकिनोने त्यांना ओळखलं. मोडक्या इंग्रजीत तिनेच आधी विचारलं, “दुसऱ्यांदा नीट झालं ना?”

काकांनी नुसती होकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा वाकून आभार मानले, तेव्हा त्यांना वर बघवेना.