चॅम्पियन कॉलेजची नाजिया

उमरखेडला गॅरेज चालवणाऱ्या निजामुद्दीनच्या पोरीला, नाजियाला, शाळेत असतानाच हॉकीचं वेड लागलं. शिकवणारे मास्तर बदली होऊन गेले, वेड मात्र उमरखेडलाच राह्यलं. गावच्या कॉलेजात खेळ म्हणजे पोरांची कबड्डी. पोरींनी खेळायचंच म्हटलं, तर संक्रांतीला रांगोळी स्पर्धा होतीच की! तरी नाजियानं शेजारच्या निकिताला आणि अजून काही पोरींना पडीक मैदानावर जमवून स्टिक धरायला शिकवलं. तिला एकच पाहिजे होतं, समोर टीम असलेली खरीखुरी मॅच.

अशात पेपरात फोटो आला. यवतमाळच्या एका कॉलेजच्या मुली हॉकीत यंदाही अजिंक्य. गळ्यात हार, हातात कप, आणि मधोमध क्रीडा शिक्षक राजदीप सर असे उभे, की सगळे गोल त्यांनीच मारले असावेत. नाजियानं ठरवलं, दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलायचं. अम्मी रडली. मामूंनी न विचारता सल्ला दिला. अब्बू एवढंच म्हणाले, की इंजिन चांगलं असताना गाडी उभी ठेवू नये. आता चॅम्पियन म्हटल्यावर 'कोणाला हरवलं?' असं कोण विचारतं? कोणीच विचारलं नाही. निकितानं मात्र बोलणं टाकलं. आम्हाला शिकवून स्वतः पळाली म्हणे, आणि यात निकिताचं काही चुकलं नव्हतं.

यवतमाळला सरांची शिस्त काय वर्णावी! मोजे कुठवर ओढायचे, फोटोत स्टिक कशी धरायची, याची रोज प्रॅक्टिस. बॉल कपाटात, कुलपात. बाहेर काढला आणि हरवला तर?

स्पर्धेचा दिवस उजाडला. पोरी रांगेत उभ्या राहिल्या. पंचांनी शिट्टी मारली, घड्याळ पाहिलं, पुन्हा शिट्टी मारली आणि समोरची टीम आली नाही म्हणून यांना विजयी घोषित केलं. लगेच हार, पेढे, फोटो. नाजियानं गोलकीपर प्रेरणाला समोरच्या टीमचं विचारलं, तर ती पेढा खाता खाता हसली. जिल्ह्यात पोरींची टीम आपल्याशिवाय कोणी काढतच नाही, म्हणाली. नाजियाला त्या हाराची अशी लाज वाटली की तो तिनं तिथंच काढून ठेवला. निदान सरावाची तरी एखादी मॅच ठेवा, म्हणून ती सरांकडे गेली.

सरांना खरंच नवल वाटलं. "जिंकून राह्यलो नं आपण? मंग खेळाले कायले पायजे?"

सुटीत ती मान खाली घालून निकिताच्या दारात गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. निकिता पोट धरून हसली, मग थांबली. "आमी टीम आणतो," म्हणाली, "पण तुले सोडनार नाही." उमरखेडच्या प्राचार्यांना तिनं एवढंच पटवलं, की नाव दिलं की थेट फायनल! असा फायदा कोण सोडतो?

पुढच्या वर्षी उमरखेडच्या पोरी मैदानावर उतरलेल्या पाहून राजदीप सरांचा चेहरा पडला. पाहुण्यांनी सांगून यायचं असतं, असं ते पंचांनाही म्हणून आले. मॅच सुरू झाली. प्रेरणा बॉल आला की सभ्यपणे बाजूला होई. बाकीच्या मोजे सांभाळत होत्या. एकटी नाजिया धावत होती, आणि निकितानं दिलेला शब्द पाळला. चॅम्पियन कॉलेजनं सपाटून मार खाल्ला.

माहेरच्या लोकांना घर दाखवलं, म्हणून सरांनी नाजियाला सगळ्यांसमोर टीममधून काढलं. पुढच्या वर्षी दुसरा खेळ पाहू, म्हणाले, ज्यात कोणी उतरत नाही असा. एवढा धडा घ्यायलाही अक्कल लागते म्हणा!

मॅच पाहायला आलेले अब्बू बिचारे समजूत घालायला जवळ आले. पोरगी धुळीत बसून रडत होती. हरली म्हणून, टीम गेली म्हणून, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"अब्बू," डोळे पुसत ती हसली, "निकितानं माह्या स्टिकवरून बॉल हिसकून नेला. आजपर्यंत कोनी नेलाच नोता."