पुसायचंय

ये गो, अशी जवळ ये. फोन नीट कानाशी धर म्हणजे झालं. दिवाळीपासून मला एकदाही पुसलं नाहीस, हे काही बरं नाही. पुसण्यावरूनच एक आठवलं.

आमच्या वाचनालयातल्या सभासदांची नावं आता संगणकावर असतात, कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या एका डेटाबेसमध्ये. तो शिकवायला पुण्याहून एक माणूस आला होता. शिकवताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. आम्ही कितीही चुकलो तरी स्वतः कळ दाबायचा नाही.

मी म्हटलं, "बरेच दिवस न फिरकलेल्या सभासदांना पुसायचंय."

"सगळ्यांना?"

"म्हातारी झालीत रे. आता नाही पुसायचं तर कधी?"

त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि एक ओळ सांगितली. मी ती टाइप केली. पडद्यावरची नावं गेली.

"माणसं कुठे गेली?"

"पुसली ना, आजी."

"अरे मेल्या, पुसायचं म्हणजे खुशाली विचारायची."

तेव्हा कुठे त्याचे हात मांडीखालून निघाले. सकाळीच काढून ठेवलेल्या प्रतीवरून त्याने सगळी नावं परत आणली. म्हणाला, "प्रत काढल्याशिवाय मी शिकवायला बसतच नाही. कोण काय पुसेल, सांगता येत नाही."

चहा न घेताच तो एसटीला गेला. मग मी एकेकाला फोन लावले. एक आजोबा म्हणाले, "अजून नाव आहे होय माझं?"

माझी काही कुणी प्रत काढून ठेवलेली नाही गो. लवकर येऊन जा.