डॉक्टर नसलेली ताई

"मी डॉक्टर नाही हो," असं म्हणत म्हणतच ती समोरच्या लेकराची खालची पापणी बोटानं ओढून बघायची. आता तुम्हीच सांगा, कोण विश्वास ठेवील?

ती खामगावची, आमच्याच गल्लीतली. कापसाच्या अडत्याची मुलगी, पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधक. दिवाळीला घरी यायची. माझं औषधाचं दुकान तिच्या घरासमोरच, त्यामुळे ताई आल्याची बातमी गल्लीला मीच पुरवत असे. मग काय, ओट्यावर लेकरांची रांग. कुणाला खोकला, कुणाला जंत. एकदा एक आजी चिडल्याच, "डॉक्टर नाही तं इतके वर्सं शिकली काय बापा?"

"उंदरांची डॉक्टर हाये मी, आजी."

त्यावर आजींनी घरात उंदीर लय झाल्याची तक्रार केली.

खरं तर ती एकाच आजाराच्या मागे होती. आईच्या पोटात असताना ज्या पेशींनी मोठं होऊन मज्जातंतू व्हायचं, त्या मोठ्या होतच नाहीत, नुसत्या एकीच्या दोन, दोनांच्या चार होत सुटतात. लेकराच्या पोटात त्यांची गाठ होते. एखाद्या तान्ह्या बाळाची गाठ आपोआप विरून जाते, एखादी लेकरालाच घेऊन जाते. असं का, एवढ्याच प्रश्नाला तिनं उभं आयुष्य दिलं. माझ्या दुकानात चहा पिताना ती हे सांगायची आणि मी मान हलवत गिऱ्हाईक बघायचो.

तिच्या शेजारी गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्यांचं घर. तिथल्या थोरल्या बाईंना सगळी गल्ली चाची म्हणते. चाचीच्या हाताला गुण होता. लेकरू जेवेना, किरकिर करू लागलं, की पोट सरकलं म्हणायचं आणि कोमट एरंडेल लावून चाचीकडून बेंबीभोवती चोळून घ्यायचं. माझ्या दुकानाची पायरी त्यानंतर.

एका दिवाळीत चाची स्वतःच्याच नातीचं पोट चोळत ओट्यावर बसली होती. ताई माझ्याशी बोलता बोलता थांबली आणि अनवाणीच पलीकडे धावली.

"चाची, हात काढा! चोळू नका!"

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पोरीच्या डोळ्यांभोवती काळंनिळं झालेलं; तीही त्या गाठीचीच खूण असते, हे मला मागाहून कळलं. "पडली असंल ना कुठी?" चाची विचारत राहिली. ताईनं पोटाला हलकेच हात लावला आणि पोरीच्या बापाला म्हणाली, "आजच मुंबईले चला. मी येतो संग."

तोच आजार निघाला. परत आल्यावर ती मला म्हणाली, "इतकी वर्सं याले काचेच्या बशीत पाह्यलं रे. लेकराच्या अंगात पह्यल्यांदा."

पोरगी वाचंल का, असं सगळी गल्ली तिला विचारायची. "सांगता येत नाही," ती म्हणायची. लोकांना राग यायचा. मलाही आला. अहो, मग इतका अभ्यास कशासाठी?

ऑपरेशन झालं, औषधं झाली. मध्ये काही महिने पोरगी हसतखेळत होती. मग गेली. ऑपरेशनच्या वेळी गाठीचा एक तुकडा घरच्यांनी ताईच्या प्रयोगशाळेला दिला होता.

पोरगी गेल्यानंतरच्या दिवाळीला ओट्यावर रांग नव्हती. ताई चाचीकडे जायला निघाली, मलाही सोबत घेतलं. बसल्या बसल्या तिनं सांगितलं, "चोळल्यानं झालं नाही, चाची. आधीपासूनच होतं ते." चाचीनं पदर तोंडाला लावला. इथं थांबावं की नाही माणसानं? पण ही पुढे म्हणाली, "तो तुकडा अजून जिता हाये. वाढून राह्यला. मी त्याले दिवसाआड खायले देतो."

मला वाटलं, उठून हिच्या तोंडावर हात ठेवावा.

"ज्या गाठीनं माही पोर नेली," चाची म्हणाली, "तिले तू खाऊ घालून राह्यली?"

"हाव. ती मेली तं मले काहीच समजनार नाही, चाची."

चाचीनं सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाली, "घाल मंग. पोटभर घाल. पन पकड तिले."

पुढे ताईचे वडील गेले, घरात भाडेकरू आले. आता ती येत नाही. कधीमधी फोन येतो, तोही कामाच्या घाईत.

चाचीचे गुडघे गेलेत. तरी भिंत धरत धरत ती माझ्या दुकानापर्यंत येते, बाकावर टेकते.

"पकडली का रे तिनं?"

"अजून नाही, चाची."

मग ती गुडघ्याची गोळी मागते.